कांबळ्याची घडी

६ जानेवारी

लाडक्या बटणाला मावशीचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचले. महिनाभर जहाजात बसून गुडघे आंबलेत, तेवढं सोडलं तर हाडं आपापल्या जागी आहेत. "या वयात परग्रहावर कपडे धुवायला कशाला जातेस?" असं तू जहाजतळावर रडत रडत विचारलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. आता देते. इस्पितळाचा धुलाईखाना बंद झाला, तू लग्न करून आपल्या घरी गेलीस, आणि रिकामं बसलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात. इथे साठ-सत्तर माणसं राहतात आणि सगळी घामट. म्हणजे माझं उत्तम चाललंय.

या ग्रहाला सरकारी कागदावर नुसता आकडा आहे. इथली माणसं त्याला 'माळ' म्हणतात, कारण जिकडे बघावं तिकडे उघडा माळ. आभाळ जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं. सूर्य निघता निघेना अशा पाहुण्यासारखा. मावळायला अख्खी दुपार घेतो. वारा मात्र असा कोरडा, की दोरीवर टाकलेली चादर तू पहिल्या टोकाला चिमटा लावेपर्यंत दुसऱ्या टोकाला वाळलेली असते.

इथल्या जीवजंतूंची ओळख मुकादमांनी पहिल्याच दिवशी करून दिली. म्हणाले, "मावशी, इथे जे हलतंय त्याला हात लावायचा नाही, आणि जे हलत नाही त्याला तर मुळीच नाही." सुईगवत म्हणून एक आहे. पाऊल वाजलं की सगळं तिकडे वाकतं आणि बुटाच्या तळातून आरपार शिरतं. दुसरा टकल्या. दिसायला गुळगुळीत धोंडा, पण वर कोणी टेकलं की उघडतो. मुकादम एकदा टेकले होते. त्यांच्या पँटीला ठिगळ मी लावलं, त्यामुळे प्रकरण कुठवर गेलं होतं ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

सगळ्यात वाईट ते कांबळं. करडं, पातळ, चादरीएवढं. दिवसभर जमिनीला चिकटून पडून असतं. ऊन कललं की वाऱ्यावर उठतं आणि ऊब शोधत फिरतं. जे उबदार सापडेल त्याला गुंडाळून घेतं आणि सोडत नाही. पहिल्या तुकडीतला सुतार त्यातच गेला. म्हणून रोज संध्याकाळी भोंगा होतो, आणि भोंगा व्हायच्या आत सगळे घरात. इथला डॉक्टर, तुझ्याच वयाचा पोरगा, म्हणतो की ते रागाने नाही करत. आपल्या पिलांनाही तसंच गुंडाळतं. मला त्या जनावराची दया आली. मग सुतार आठवला आणि दया आवरती घेतली.

यंत्रात वाळवलेल्या कपड्यांना करपट वास येतो, म्हणून साहेबांकडून बाहेर दोरी बांधायची परवानगी काढली. भोंग्याच्या आत सगळं आत घ्यायचं, या अटीवर. काळजी करू नकोस. मी भित्री आहे, आणि भित्री माणसं फार जगतात.

तुझी मावशी

•

१० फेब्रुवारी

मावशीला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आमच्या लिफ्टवाल्याने, म्हणजे तुझ्या जावयाने, मोठ्याने वाचलं. टकल्याचा भाग त्याने तीनदा वाचला आणि तीनदा हसला. मी म्हटलं, अहो, तुम्ही दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात डोकं घालता, तुम्हाला मुकादमांना हसायचा काय अधिकार? तर म्हणाला, माझी लिफ्ट निदान चावत नाही.

आता बातमी. बसली आहेस ना? दुकानात चष्म्याच्या काचा घासताना मला भोवळ आली. मालकीणबाईंनी पाणी दिलं, चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "आजपासून तू काचेच्या भुकटीजवळ बसायचं नाहीस." माझ्याआधी त्यांना कळलं. ऑगस्टच्या शेवटी बाळ होईल.

मला आनंद झालाय, मावशी. पण एक गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येत नाही. मला भीती वाटते. बोलून दाखवली की लोक म्हणतात, आता काळ बदललाय. बदलला असेल. पण मी तीच आहे, जिच्या जन्माच्या दिवशी तिची आई गेली. त्या खोलीत मला तू हवी आहेस. तुझा करार मेमध्ये संपतो आणि मेअखेर तिथून माणसांचं जहाज निघतं, हे मी विचारून ठेवलंय. त्या जहाजाने ये. बाकी मला काही नको.

तुझी बटण

•

१४ मार्च

अगं बटणा,

टपाल आत्ता आलं. धुलाईखान्यात ओल्या चादरींच्या ढिगावर बसून तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून सगळ्यांना सांगत सुटले. मुकादमांना सांगितलं, आचाऱ्याला सांगितलं, साहेबांच्या खोलीचं दारही न वाजवता आत गेले. डॉक्टर म्हणाला, "मावशी, जरा श्वास घ्या, नाहीतर आधी तुम्हालाच खाटेवर घालावं लागेल." मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, मी आजी होणार आहे.

येते. लिहून ठेव भिंतीवर. मेच्या जहाजात माझं नाव घालायला आजच सांगितलंय.

तोवर माझं ऐकायचं. जड उचलायचं नाही. सकाळी कोरडं काहीतरी खाऊन मगच उठायचं. उंच स्टुलावर चढायचं नाही. आणि भीती वाटली तर वाटू दे, तिला हाकलत बसू नकोस, तिच्याशेजारी बसून चहा पी. तुझ्या आईची गोष्ट वेगळी होती, ती समोर बसून सांगेन, कारण तुझा हात धरल्याशिवाय मला ती सांगता येणार नाही.

किती लिहू आणि किती नको असं झालंय. बाहेर दोरीवर चादरी तशाच आहेत. आज माझं कशात लक्ष नाही. थांब, भोंगा झाला वाटतं. पत्र इथेच बंद करते आणि धावते.

तुझी मावशी (आणि आजी)

•

१९ एप्रिल

मावशी,

तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट मोकळी केली. लिफ्टवाल्याने गेल्या रविवारी काय केलं ते ऐक. ज्या इस्पितळात मी जाणार तिथे जाऊन त्याने तिथली लिफ्ट तपासली. कोणी सांगितलं नव्हतं. पहारेकऱ्याने हटकलं तर म्हणाला, "बायको ऑगस्टमध्ये यातून जाणार आहे, मी आत्ताच बघून घेतो." आल्यावर मला म्हणतो, दोर चांगला आहे, पण तिसऱ्या मजल्यावर दार जरा अडतं, त्याला तेल दिलं. मला हसावं की रडावं कळेना. त्यालाही भीती वाटते, मावशी. तो तिला तेल घालतो.

बाळ आता हलतं. काचेच्या खाली बोटभर पाणी हलावं तसं. तू आलीस की तुझा हात ठेवून बघ.

जून संपायची वाट बघते.

तुझी बटण

•

२५ मे

प्रिय बटण,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. थंडीने बोटं आखडतात.

या जहाजाने माझं येणं होत नाही. माझ्या जागी यायची होती ती बाई आलीच नाही, आणि सगळ्यांना उघड्यावर टाकून कसं निघणार? पुढचं जहाज ऑक्टोबरात आहे, त्याने येते. मालकीणबाईंना जवळ ठेव. त्या धीराच्या आहेत.

मी ठीक आहे. खा, झोप, पाय वर घेऊन बस.

मावशी

•

२८ जून

मावशी,

तुझं पत्र काल आलं, ज्या जहाजातून तू उतरायची होतीस त्याच जहाजातून. आम्ही तळावर उभे होतो. लिफ्टवाल्याने तुझ्यासाठी घडीची खुर्ची आणली होती, गुडघ्यांसाठी. सगळी माणसं उतरली. मग टपालाची पेटी उतरली.

तुला चादरी जवळच्या आहेत तर राहा तिथे. साठ माणसांचे कपडे कोणीही धुईल. माझ्या आयुष्यात मी तुझ्याकडे एक मागितलं. आई नव्हती तेव्हाही मी कधी आई मागितली नाही, कारण तू होतीस.

'लिहून ठेव भिंतीवर' म्हणाली होतीस. मी खरंच लिहिलं होतं, खडूने, दाराच्या मागे. आज पुसलं.

आता ऑक्टोबरात आलीस काय आणि नाही काय.

बटण

•

१ ऑगस्ट

प्रिय बटण,

हे पत्र मी सांगते आहे आणि डॉक्टर लिहितो आहे. त्याचं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे, पण इलाज नाही.

(अक्षराबद्दल क्षमस्व. मी इथला डॉक्टर. मावशी जे सांगतील ते लिहीन, आणि जे सांगणार नाहीत तेही लिहीन, असं मी त्यांना आधीच बजावलं आहे.)

तुझं पत्र ऐकलं. तू रागावलीस ते बरंच केलंस. मी असते तर मीही रागावले असते. मला जरा हाताला लागलं होतं, म्हणून निघता आलं नाही. काळजीचं काही नाही.

(काळजीचं आहे. मार्चमधल्या एका संध्याकाळी मावशी दोरीवरच्या चादरी काढायला धावल्या. चादरींमध्ये एक कांबळं येऊन लटकलं होतं. त्यांनी ते चादर समजून काढलं, झटकलं, हनुवटीखाली धरलं, बाह्या वर केलेल्या हातांनी नीट दाबून चौपदरी घडी घातली आणि फडताळात ठेवलं. घट्ट घडीत त्याला उलगडता आलं नाही, म्हणून त्या वाचल्या. या ग्रहावर कांबळ्याची घडी घातलेलं दुसरं माणूस नाही.)

त्याला विचार, घडीत ते किती शहाण्यासारखं पडून होतं. सकाळपर्यंत हूं की चूं नाही. मी एरवी प्रत्येक चादर मोजून घेते, गं. त्या दिवशी मोजल्या नाहीत.

(मी विचारलं, का नाही मोजल्या? तर म्हणाल्या, ते लिहायचं नाही. म्हणून मीच लिहितो. त्या दिवशी तुमचं बाळाच्या बातमीचं पत्र आलं होतं.)

हे लिहू नकोस म्हटलं होतं त्याला. बटणा, ऐक. यात तुझा काडीचाही दोष नाही. आनंद झाला म्हणून माणूस वेंधळं होतं, त्याला आनंद देणारा काय करणार? पण तू पोटुशी, त्यात तुझं मन असं, एकदा काही मनाला लागलं की वर्षभर चावत बसणार. म्हणून नाही कळवलं. तू माझ्यावर रागावलेली परवडली, स्वतःवर रागावलेली नको होतीस.

(आता पुढचं. कांबळ्याच्या अंगाचा कोंडा मावशींच्या दोन्ही हातांत उतरला आहे. तो कातडीखाली वाढतो. उबेत लवकर वाढतो, म्हणून त्यांना थंड खोलीत ठेवलं आहे. कोंडा अंगात असताना कोणालाही जहाजात घेत नाहीत. आत्ता तो कोपरापर्यंत आहे. खांदा ओलांडला तर माझ्या हातात काही उरणार नाही. त्यावर औषध आहे. ते कोंडा मारतं, पण त्याबरोबर हातांची जाणीवही जाते, कायमची. बोटं मिटणार नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे थंड खोलीत वाट बघायची. याआधी इथे दोघांना हा लागला होता. एकाचा कोंडा असाच दीड वर्षाने आपोआप झडून गेला आणि हात शाबूत राहिले. दुसऱ्याचा झडला नाही. मी रोज म्हणतो औषध घ्या. त्या रोज म्हणतात, उद्या.)

मी वाट बघणार आहे. तू मला रागाने घाबरट म्हण. पण बाळ सांभाळायला म्हणून यायचं आणि त्याला उचलायला हात नसायचे, असली मावशी घेऊन तू काय करशील? तान्हं पोर एकीकडे आणि मी एकीकडे. मला आंघोळ तू घालणार, घास तू भरवणार. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं धुतलं. आता माझं कोणी धुवावं, हे मला जमायचं नाही. हात घेऊनच येईन. उशीर होईल, पण हात घेऊन येईन.

माझं ठरलंय. तू तुझं बाळंतपण सांभाळ.

तुझी मावशी

(टपालाची पिशवी बंद व्हायला आली. उत्तर लवकर लिहा. त्या माझं ऐकत नाहीत.)

•

९ सप्टेंबर

मावशी,

मुलगी झाली. बारा दिवसांची आहे. मी जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तू पत्र ऐकताना श्वास धरून बसली असशील.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. म्हणजे मी बाळंत झाले ती तुझ्यावर रागावलेलीच. कळा येत होत्या आणि मी मनात तुझ्याशी भांडत होते. खरं सांगू? त्यामुळेच निभावलं. भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

लिफ्ट नीट चालली. मी, खाट आणि नर्स मावलो, तो मावला नाही. जिन्याने धावला आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या आधी दाराशी उभा.

रात्र वाईट गेली. मी ती सगळी लिहिणार नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि ती तू नीट ऐक. डॉक्टर, एकही शब्द गाळू नका.

त्या खोलीत हात भरपूर होते, मावशी. डॉक्टरीणबाईंचे, दोन नर्सचे, मालकीणबाईंचे, त्याचे. कोणी कपाळ पुसत होतं, कोणी पाठ चोळत होतं. सगळे म्हणत होते, छान, छान चाललंय, शाबास. मी इतकी घाबरले होते की मला वाटलं, आता ही माणसं खोटं बोलतायत, आईशीही अशीच गोड बोलली असतील. मला हात नको होता. मला रागावणारं माणूस हवं होतं. 'बटणा, उगाच गळा काढू नकोस, रडायचंय तर रड पण आधी नाक पूस' असं जगात एकच माणूस मला म्हणतं, आणि ते म्हणालं की मला कळतं, फार वाईट काही घडत नाहीये. तसं कोणी म्हणालं नाही. शेवटी मीच म्हटलं, मोठ्याने, तुझ्या आवाजात. नर्स दचकली.

आणि तू मला हातांचं सांगतेस.

आंघोळ कोण घालणार म्हणतेस. मी घालीन. सात वर्षांची होईपर्यंत मला तू घातलीस, मी कधी लाजले? इथे एक भिंतीला टेकून बसवायची आहे आणि एक पाळण्यात निजवायची आहे. दोघींना एकाच पाण्यात उरकीन. मुलीला तुझ्या मांडीवर आम्ही ठेवू, आम्हीच उचलू. तुला फक्त मांडी घेऊन यायचं आहे आणि तोंड. तोंड विसरू नकोस.

दीड वर्षाने ती चालत असेल. तेव्हा पूर्ण हातांची मावशी आली तरी मला आत्ताची पाहिजे. आणि तो कोंडा खांद्याच्या पलीकडे गेला, तर मी हिला काय सांगू? की तुझी आजी आमच्याकडे यायला लाजली?

आता इथली परिस्थिती, म्हणजे तुला कळेल किती गरज आहे. मी सकाळी चहा आणि बिस्किटांवर असते. फरशी थंड आहे आणि मी अनवाणी हिंडते. परवा दुकानात दोन तास जाऊन आले. हिची नखं मी काचा कापायच्या दुकानातल्या बारीक कात्रीने कापली. आणि ही फक्त लिफ्टमध्ये झोपते. हा तिला घेऊन रात्री आमच्या इमारतीत खाली-वर करतो. शेजारी वैतागलेत.

कोणीतरी रागावायला हवं आहे.

तुझी बटण

•

१५ ऑक्टोबर

बटणा,

नखं कापायची कात्री? चष्म्याच्या दुकानातली? तुला मी हेच शिकवलं? कोवळी नखं कापायची नसतात, झोपेत मऊ असताना हळूच चोळून काढायची असतात. कात्री आत्ताच्या आत्ता मालकीणबाईंना परत दे.

आणि बाळंतीण बाई बाराव्या दिवसाच्या आत दुकानात जाते? मालकीणबाईंनी येऊ कसं दिलं? त्यांचीही चूक आहे, त्यांना सांग मावशी भेटून बोलणार आहेत. अनवाणी हिंडतेस. मोजे कुठे गेले? मी जाताना तुला लोकरीचे तीन जोड करून दिले होते, ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हते.

जावयाला सांग, पोरीला लिफ्टची सवय लागली तर उद्या ती शाळेत मास्तरणीला म्हणेल, मला खाली-वर करा. माणसाच्या मांडीवर झोपायला शिकली पाहिजे. मांडी येते आहे.

हो, घेतलं औषध. तुझं पत्र ऐकलं, डॉक्टरला म्हटलं पुन्हा वाच, त्याने पुन्हा वाचलं, मग म्हटलं, आण ती सुई. चार दिवस फार वाईट गेले, ते मीही सगळे लिहिणार नाही. आता हात मांडीत पडलेले असतात, कोणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे. काल डॉक्टरने चहा पाजला. गरम आहे हे ओठांना लागल्यावर कळलं. रडू आलं. त्याने नाक पुसलं माझं. मी आधी मान फिरवली, मग म्हटलं, पूस बाबा, आता सवय करायलाच हवी.

कोंडा मेला. जहाजवाल्यांनी तपासून शिक्का दिला. सामान बांधताना मुकादमांनी विचारलं, मावशी, बरोबर काय काय नेता? म्हटलं, मांडी आणि तोंड.

आणखी पुष्कळ आहे. पाळण्यावर जाळी लावली का? तिला उन्हात किती वेळ धरता? तिचं डोकं धरताना मानेखाली हात

(इथे मी लिहिणं थांबवतो. पुढचं रागावणं मावशी अजून सांगतच आहेत आणि दोन पानं सहज होतील. मी ते लिहिलेलं नाही. टपाल आणि माणसं या खेपेला एकाच जहाजात आहेत. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा त्या तुमच्यासमोर उभ्या असतील, आणि हे वाक्य त्या स्वतः पुरं करतील.)